गोदामात बसवलेले माग

टिनाचं शेड दुरून दिसलं तरी आत काय ठेवत असतील ते मी सांगू शकते. एस.टी.त खिडकीशी बसलेली असते, शेजारच्या बाईला म्हणते, ते पाहा, त्यात खत असेल; आणि ते बिनभिंतीचं, तो गुरांचा बाजार. बाई माझ्या तोंडाकडे पाहते. यात माझी हुशारी काही नाही. माझा बाप टिनाची शेडं उभी करायचा आणि चौथीतून शाळा सुटल्यावर मी रोज त्याची शिदोरी घेऊन जायचे. तुमसरच्या बाजूला तेव्हा राइस मिली उभ्या राहत होत्या, त्याला काम होतं. तो जेवायचा आणि मी बसायचे. तो जेवताना बोलायचा, एरवी नाही.

तो सांगायचा, सगळ्यांत सोपं म्हणजे एकपाखी. एखाद्या पक्क्या भिंतीला टेकवायचं, एका अंगाला उतार द्यायचा, पुढे दोन पाइप. त्यात बैल, सायकली, सरपण. मग चारही बाजूंनी मोकळं, नुसते खांब आणि वर टिन. ते बाजाराला, एस.टी.च्या थांब्याला. तिथे भिंत लागत नाही, कारण लोक येतात, उभे राहतात, निघून जातात. मग कैचीचं. कैची म्हणजे लोखंडी अँगल जोडून केलेला तिकोनी सांगाडा. अशा कैच्या ओळीने उभ्या केल्या की मधे खांब लागत नाही, सगळी जागा मोकळी. गोदाम कैचीचंच. पण गोदामाला टिनाची भिंत जमिनीपर्यंत येते आणि खिडकी नसते. धानाला वारा नको, ओल नको, उंदीर नको. राइस मिलही कैचीचीच, पण उंच, आणि तिच्या पाठीवर आणखी एक लहानसं छप्पर असतं, शेडने टोपी घातल्यासारखं. धान उकडतात त्याची वाफ आणि कोंड्याची धूळ त्या टोपीखालून निघून जाते. मग ते गोल, उलट्या ढोलकीसारखं, त्याला कैचीच नाही, टिनच वाकवून जमिनीत रोवलेलं. त्यात खत, सिमेंट. आणि खाणीकडे गर्डरचं काम, खांब एवढे जाड की माझ्या मिठीत यायचे नाहीत. तिथे बाबा एकदाच गेला आणि परत आला.

"ते शेड मानसाचं नाही," तो म्हणाला होता. "मशीनचं आहे. मानूस त्यात मशीनले पाहाले जाते." मग भाताचा घास मोडत म्हणाला, "हे पाह्य पोरी. बांधाच्या आधी इचाराचं, आत कोन राहीन. धान राहीन का, मशीन राहीन का, ढोर राहीन का मानूस राहीन. टिन एकच असते. घर अलग असते."

हे वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं. पुढे याच वाक्याने माझा सगळ्यात जास्त जीव जाळला.

माझं लग्न आंधळगावला झालं. विणकराचं घर. एक एकर धानाची शेती आणि घरात एक माग. आमच्याकडचे माग खड्ड्याचे. जमिनीत कमरेएवढा खड्डा, विणणारा चपला काढून काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि पायाने पावड्या दाबतो. खड्डा ओला असतो बरं का. आमचं घर तलावाच्या अंगाला, भर उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाय सोडले की गार लागायचं. ती ओल सुताला लागते. सूत ओलाव्यात नरम राहतं, कोरडं झालं की तटकन तुटतं. हे विणकराच्या घरातल्या पाच वर्षांच्या लेकरालाही ठाऊक.

विणायचं काम पुरुषांचं, असं म्हणायचे. बायांनी आडव्या सुताच्या कांड्या भरायच्या, उभं सूत लांब ताणून गल्लीत सकाळी पाजणी करायची. पाजणी म्हणजे भाताची खळ सुताला लावून, कुंच्याने घासून सूत मजबूत करायचं. उन्हं वर यायच्या आत ते झालं पाहिजे, म्हणून आमची अख्खी गल्ली झुंजूमुंजू झालं की सुताने भरलेली असायची. पाठ मोडून जायची. पण लुगडं कोणी विणलं असं विचारलं तर नाव नवऱ्याचं.

मी विणायला शिकले ते पाहून पाहून. आमचे हे दुपारी बांधीत जायचे, म्हणजे धानाच्या शेतात. तेव्हा माग रिकामा. एक दिवस मी बसले. आडवं सूत नेणारा धोटा हातातून सुटून अंगणात गेला. दुसऱ्या दिवशी परत बसले. तीन महिन्यांनी माझा काठ सरळ यायला लागला. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्या दारात बसून कांड्या भरायच्या आणि कोणी आलं की खोकायच्या. मी उठून चुलीकडे.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणायचे. त्यांना कळत होतं. संध्याकाळी कापडावर बोट फिरवायचे आणि आपल्या मुलाला म्हणायचे, "आज दुपारी तुहा हात लयच सरळ चालला रे. बांधीतून इनून राहिला होता का?"

हे खाली मान घालून हसायचे. मी चुलीत फुंकर मारायचे. त्या घरात माझी स्वतःची म्हणावी अशी जागा तेवढीच होती, खड्ड्याच्या काठावरची हातभर लाकडी फळी. दुपारचे दोन-तीन तास. बाकी दिवसभर मी कोणाची तरी सून, कोणाची तरी बायको. तिथे मी विणत होते. म्हणून त्या फळीवर कोणी हात टाकलेला मला खपला नाही.

पंचाहत्तर सालाच्या पुढेमागे विणकरांच्या संस्थेत ठरलं की सगळे माग एका जागी बसवायचे. सरकारी योजना होती. मोठं टिनाचं शेड बांधून मिळणार, सगळ्यांनी आपापले माग तिथे न्यायचे, जो नेणार नाही त्याला संस्थेचं सूत मिळणार नाही. अध्यक्ष आमच्या अंगणात खाटेवर बसून सांगत होते आणि पुरुष खूश. काहून खूश? तर वानरांमुळे. खोटं नाही सांगत. आमच्याकडे कवेलूची, म्हणजे कौलांची घरं आणि आंबागडच्या जंगलापासून इकडे वानरांचे कळप. दरवर्षी कवेलू फोडायचे, दरवर्षी पावसाच्या आधी वर चढून सगळे कवेलू उतरवून परत रचायचे. पुरुषांना तेवढं एक काम जिवावर यायचं.

"टिनावर वानर टिकत नाही," अध्यक्ष म्हणाले. "पाय भाजतेत त्याचे."

मी आतून म्हटलं, "वानराचे पाय भाजतेत, तर आत बसनाऱ्याचं काय होईन?"

 मग कोणीतरी हसलं आणि सगळे हसले. अध्यक्ष मामाजींना म्हणाले, "तुमची सून लय बोलते गा."

"टिनवाल्याची पोरगी आहे," मामाजी म्हणाले. "टिनावानी वाजते."

ते मायेनेच म्हणाले, पण मला झोंबलं. मग मला खरं विचारायचं होतं ते मी विचारलं, तिथे बायांना बसता येईल का. अध्यक्षांनी माझ्याकडे न पाहता मामाजींना उत्तर दिलं की संस्थेचं शेड आहे, चार लोक येतात-जातात, तिथे बायांचं काय काम. बाया घरी पाजणी करतील आणि सूत तिथे पोचतं करतील.

म्हणजे मेहनत घरी राहणार आणि माग जाणार. माझी फळी जाणार.  चुलीवरची भाकर करपली.

शेडाचं सामान ट्रकमधून उतरलं. अँगल, टिना, हुकाचे बोल्ट. ठेकेदाराची माणसं आली, त्यांत माझा बाबा होता.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. लग्नाला पाच वर्षं झाली होती, बापाची भेट पोळ्याला नाहीतर दिवाळीला, आणि आता तो माझ्याच गावात, हाकेच्या अंतरावर. पण मूल झालेलं नव्हतं आणि आमच्याकडची रीत अशी की लेकीला लेकरू होईस्तोवर बापाने तिच्या घरचं पाणीही पिऊ नये. बाबा ती रीत पाळत होता. तिकडे शेडाजवळ धोंड्यावर बसून आपली कोरडी शिदोरी सोडायचा. ज्याला मी सहा वर्षं रोज जेवण नेऊन दिलं, त्याला मी आता पाणी देऊ शकत नव्हते. शेजारणीच्या तांब्यातून, शेजारणीच्या विहिरीचं पाणी घेऊन मी जायचे. या रीतीचाही मला तेव्हा इतका राग यायचा. आजही येतो. कोणी केली ती रीत, त्याला एकदा उन्हात टिनावर बसवायला पाहिजे होतं.

तिसऱ्या दिवशी कैच्या उभ्या झाल्या. मी पाणी घेऊन गेले आणि वर पाहिलं. कैच्या ठेंगण्या. वर टोपी नाही. भिंतीचे अँगल जमिनीपर्यंत, खिडकीसाठी कुठेच चौकट सोडलेली नाही. एका बाजूला मोठं फाटक, बैलगाडी आत जाईल एवढं.

"बाबा, हे गोदाम आहे," मी म्हटलं.

तो पाणी पीत राहिला.

"बाबा."

"गोदामच आहे," तो म्हणाला. "ठेकेदाराजवळ एकच कागद आहे. चार गावांत धानाचे गोदाम बांधले, हे पाचवं. तोच कागद."

"तुमाले माहीत होतं?"

"कैची उतरली तवाच माहीत झालं."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"कोनाले सांगू? मजुराले कोन इचारते, पोरी? मले बोल्ट देतेत, मी बोल्ट मारतो."

मी त्याला जे बोलले ते आज इथे पूर्ण लिहीत नाही. एवढंच लिहिते की मी त्याचंच वाक्य त्याच्या तोंडावर मारलं. आत कोण राहणार ते आधी विचारायचं, असं मला तुम्हीच शिकवलं, मग माझ्या घरच्या माणसांना धानाच्या गोदामात बसवताना तुमचा हात कसा थरथरला नाही. त्याने तांब्या खाली ठेवला, तोंड पुसलं आणि शिडी चढला. बोल्टाचं छिद्र टिनाच्या उंच भागावर पाडायचं, खोलगट भागावर नाही, नाहीतर पाणी गळतं. तो ते नीट उंच भागावर पाडत होता. त्याचं काम चोख होतं, याचाच मला जास्त संताप आला. गळकं बांधलं असतं तर निदान कोणी तक्रार तरी केली असती.

मी मामाजींना सांगितलं. ते अध्यक्षांकडे गेले. अध्यक्ष म्हणाले, कागद वरून मंजूर होऊन आला आहे, आता त्यात सुनेच्या सांगण्यावरून बदल करायचा का. आणि तसंही दिवस थंडीचे होते. शेडात शिरून पाहणाऱ्याला आत ऊबदार वाटायचं. पुरुष आत उभे राहून म्हणायचे, अरे वा, मस्त आहे. पौषातल्या थंडीत पाहिलेलं शेड. मी चैत्राची गोष्ट करत होते, आणि चैत्र कोणाला दिसत नव्हता.

शेड तयार झालं. खाली मुरमाचा भराव, त्यावर सिमेंट. खड्डेही केले, विटांनी बांधून, सिमेंट लावून, अगदी कोरडे ठणठणीत. संक्रांतीनंतर माग हलवायचा दिवस ठरला.

आता एक रीत सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही. मागाचा खड्डा रिकामा ठेवत नाहीत. माग घरातून गेला की त्याच दिवशी खड्डा मातीने भरायचा, सारवायचा, वर हळदकुंकू वाहून दिवा लावायचा. घरात उघडा खड्डा म्हणजे अभद्र. गल्लीतल्या सगळ्या घरांनी त्या दिवशी खड्डे भरले, मुरूम टाकून धुमसाने ठोकठोक ठोकले. माग परत येतील असं एकालाही वाटलं नाही. किंवा वाटलं असेल, पण अभद्राच्या भीतीपुढे चाललं नाही.

आमचा माग बैलगाडीत चढला तेव्हा मी खड्ड्यापाशी बसले होते. आत्याबाई पाटीभर माती घेऊन आल्या. माझ्याकडे पाहिलं. पाटी खाली ठेवली.

"नाही भरत का?" त्या म्हणाल्या.

"नाही भरत."

"दिवा तं लावा लागन."

"दिवा लावू ना."

गोठ्यामागे जुन्या दाराच्या फळ्या पडल्या होत्या. आम्ही दोघींनी त्या खड्ड्यावर आडव्या टाकल्या, वर पोतं, पोत्यावर चार बोटं माती, माती सारवली. हळदकुंकू, दिवा. संध्याकाळी मामाजी काठी टेकत आत आले. काठी फळीवर पडली आणि ढब असा आवाज आला. ते थांबले. काठी परत एकदा टेकवली. ढब.

"इथं उंदीर झालेत वाटते," ते म्हणाले आणि बाजूने वळून गेले. त्या दिवसापासून ते त्या जागेला वळसा घालूनच चालायचे.

माघ-फाल्गुन ठीक गेले. पुरुष सकाळी डबे घेऊन शेडात जायचे, नोकरीवर गेल्यासारखे. होळी झाली आणि ऊन चढलं. टिन तापायला लागलं. टोपी नाही, खिडकी नाही, गरम हवा वर जाऊन वरच राहायची आणि मग खाली उतरायची. दहा वाजले की आत श्वास घेणं कठीण. सिमेंटचे खड्डे तापलेले. आणि सूत तुटायला लागलं. एक धागा जोडेपर्यंत दुसरा. वीतभर कापड विणायला दुपार जायची. आमचे हे घरी यायचे तेव्हा डोळे लाल आणि कोणाशी बोलायचं नाही.

मला वाटलं, आता तरी समजेल. समजलं नाही. उलट काय झालं ते ऐका. अध्यक्षांनी सगळ्यांना शेडासमोर बोलावलं, बायांनाही, आणि बायांना बोलावलं म्हणजे काहीतरी दोष निघालेला आहे हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. ते म्हणाले, सूत तुटतं कारण पाजणी कच्ची होते. बायांचं लक्ष नाही. माग घरात नाहीत म्हणून बाया सैल झाल्या, खळ पातळ करतात, कुंचा नीट मारत नाहीत.

मी माझ्या हातांकडे पाहिलं. खळीने बोटांच्या बेचक्या फाटलेल्या होत्या. माझ्या बाजूच्या आत्याबाई चाळीस वर्षं पाजणी करत होत्या. त्यांचा कुंचा फिरला की सूत तारेसारखं व्हायचं, पाच गावांत नाव होतं.  आपला नवरा बोलेल म्हणून त्यांनी मामाजींकडे पाहिलं. मामाजी जमिनीकडे पाहत होते. आमचे हेही. सगळ्या गल्लीतले पुरुष जमिनीकडे पाहत होते. एकालाही म्हणवलं नाही की आमच्या बाया खळ पातळ करत नाहीत. रात्रंदिवस ज्यांच्या हातचं खातात त्यांच्यासाठी एवढं वाक्य निघालं नाही.

घरी येऊन आत्याबाईंनी कुंचा उचलला, धुतला, उन्हात वाळवला आणि आढ्याला टांगून ठेवला.

"हे काय?" मामाजी म्हणाले.

"सैल झालो ना आमी," आत्याबाई म्हणाल्या. "घट्ट बाया पाहून आना."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारासमोर सूत ताणलेलं नव्हतं. शेजारणीने पाहिलं, तिनेही ताणलं नाही. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत लेकरं सकाळी मोकळी धावत होती, कारण वाटेत सूत नव्हतं. शेडात लावलेलं उभं सूत संपत आलं आणि नवीन तयार नाही. पुरुष एकमेकांच्या ओसरीवर जाऊन बसायला लागले. आमच्या घरी जेवण वाढलं जायचं पण बोलणं नव्हतं. मीठ मागितलं तर मीठ मिळायचं, शब्द नाही.

शेवटी मामाजींनीच तोंड उघडलं. ताट बाजूला सारून माझ्याकडे न पाहता म्हणाले, "सुनबाई, तुहं म्हननं काय आहे, एकडाव नीट सांग."

मी सांगितलं. शेडातल्या मागावर आत्ता जे सूत चढलेलं आहे, तेच, मध्ये काही न बदलता, माग उचलून घरी आणा. माझ्या खड्ड्यावर बसवा. अध्यक्षांना बोलवा. तुटलं तर आम्ही बाया सैल. नाही तुटलं तर मग तुम्ही सांगा कोण सैल.

"खड्डा कुठे आहे?" आमचे हे म्हणाले. खरंच त्यांना ठाऊक नव्हतं.

मामाजींनी काठी उचलली, बसल्या जागेवरून लांब केली आणि जमिनीवर ठोकली. ढब.

"तुह्या मायनं उंदीर पोसले," ते मुलाला म्हणाले.

माग आला. आत्याबाईंनी आणि मी फळ्या उचलल्या. खड्ड्यातून गार वास आला, ओल्या मातीचा. भर चैत्रात. आमच्या ह्यांनी खड्ड्यात हात घातला आणि बराच वेळ काढला नाही. माग बसवण्यात सकाळ गेली. मी खड्ड्यात दोन घागरी पाणी शिंपडलं आणि सुतावर ओलं फडकं धरलं, तेवढं आम्ही नेहमीच करतो.

दुपारी अध्यक्ष आले, संस्थेचे आणखी चार जण आले, गल्ली दाराशी गोळा झाली. हे मागावर बसायला पुढे झाले.  महिनाभर तुटत्या सुताशी झगडून त्यांचा धीरच गेला होता. मामाजींनी त्यांच्या खांद्यावर काठी आडवी ठेवली.

"तू राहू दे," ते म्हणाले. "जिनं खड्डा राखला ते बसन."

अध्यक्ष म्हणाले, "बाई इनन?"

"चार वर्षांपासून इनून राहिली. तुमी आमच्या घरून संस्थेत घेतलेल्या लुगड्यांत अर्धी दुपारची आहेत. काठ पाहून समजलं नाही का तुमाले?"

मी बसले. पदर खोचला, पाय सोडले. चार माणसांसमोर, उजेडात, कोणी खोकत नव्हतं. धोटा टाकला. तेच उभं सूत, तीच आत्याबाईंची पाजणी, तीच खळ. मी विणत गेले. वीतभर झालं. हातभर झालं. एक धागा तुटला, तो काठाजवळचा, शेडातच अर्धा झिजलेला. जोडला आणि पुढे गेले. मागे कोणी हललं नाही. थांबले ते मीच थांबले, कारण पुढे विणत राहायला माझे डोळे साफ नव्हते. रडून राहिले होते असं लोक म्हणाले. रागाने डोळ्यांत पाणी येतं, हे लोकांना का माहीत नसतं.

अध्यक्षांनी कापडावरून हात फिरवला. मी वाट पाहत होते. आत्याबाई वाट पाहत होत्या, भिंतीला टेकून, हातात तो आढ्यावरचा कुंचा.

ते म्हणाले, "हवा बदलली आहे जराशी. आज ऊन कमी आहे."

ऊन कमी नव्हतं. बाहेर कुत्रे विहिरीच्या ओलीत पोटं टेकून पडले होते.

त्यापुढे कोणी भांडलं नाही आणि कोणी चूकही कबूल केली नाही. आठवडाभरात एकेक माग गुपचूप घरी यायला लागला, सुताच्या नियमाची आठवणही कोणी काढली नाही. शेडात एका धान व्यापाऱ्याची पोती लागली आणि ते शेड पहिल्यांदा आपल्या कामाला आलं. पुढे बाबा दिवाळीला आला तेव्हा येता येता ते पाहून आला. अंगणातच उभा राहून म्हणाला, "आता बरोबर आहे. धान झोपलं आहे मस्त." मी त्याला म्हटलं, हे तुम्ही तेव्हा म्हणायला पाहिजे होतं. तो म्हणाला, "म्हनाले पायजे होतं." एवढंच. साऱ्या गावात तेवढ्या एकाच माणसाने ते म्हटलं, आणि तो तर या गावचा नव्हता. मी त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. आमच्या घरचा, आमच्या विहिरीचा; लेकरू अजून झालेलं नव्हतं. तो तांब्याकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि प्याला.

पण हे नंतरचं. मला सांगायचं होतं ते माग परतले त्या आठवड्याचं. घरोघरी खड्डे भरून, ठोकून, सारवून दगड झालेले. परत खणायचे तर माप कोणाला आठवेना. खड्डा जरा उथळ झाला तर गुडघे दुखतात, जरा खोल झाला तर पाय पावडीला पोचत नाहीत. जुनी मापं जुन्या माणसांनी आपल्या पायांनी घेतलेली, ती माणसं आता कुठे. अख्ख्या गल्लीत मूळ खड्डा एकच उरला होता, म्हणून जो तो दोरी घेऊन आमच्याकडे. लांबी मोजायचे, रुंदी मोजायचे, आत उतरून खोली मोजायचे.

अध्यक्षांच्याही घरी माग होता. ते सगळ्यात शेवटी आले. हातात दोरी, बरोबर कोणी नाही. मी मागावर बसले होते, दुपारची, दार उघडं. त्यांनी मामाजींना विचारलं, माप घेऊ का. मामाजींनी माझ्याकडे बोट दाखवलं. अध्यक्षांनी मला विचारलं नाही. मी पाय काढून बाजूला झाले आणि ते खड्ड्यात उतरायला लागले.

"मामाजी," मी म्हटलं, "त्याइले सांगा, चपला काढाले लागतेत."

मामाजी खाटेवर आडवे झाले होते. डोळे मिटूनच म्हणाले, "आयकू आलं त्याइले."

अध्यक्ष काठावर बसले, एक चप्पल काढली, मग दुसरी काढली, आणि अनवाणी खाली उतरले.